मध्यंतरात उठून गेलेली माणसं

आमच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला डोंबिवलीचं नाट्यगृह जवळजवळ भरलं होतं. मध्यंतरानंतर पडदा वर गेला तेव्हा पुढच्या पाच-सहा रांगांमधून मधेच दात पडल्यासारख्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्चीही रिकामी होती. तिथे माझ्या गाण्याच्या बाई बसल्या होत्या. मी त्यांना स्वतः आमंत्रण दिलेलं, आणि मुद्दाम कडेची जागा ठेवायला सांगितलेली, कारण त्यांना पाय लांब करून बसावं लागतं.

मी बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही आराम करेल. मलाही तसंच वाटलेलं. आम्ही मूळचे चिपळूणकडचे, पण माझा जन्म डोंबिवलीचा आणि लग्नही डोंबिवलीतच झालं. शाळेत असल्यापासून मी कल्याणला बाईंकडे गाणं शिकत होते. बँकेत लागल्यावरही रविवार सोडला नाही. गाण्यामुळेच हौशी नाटकांत शिरले. कुणाची आत्या, कुणाची शेजारीण, कधी पडद्यामागून एखादं पद. मोठं असं काही नाही.

एका एकांकिका स्पर्धेत आमच्या गटात प्रकाशयोजना करायला एक मुलगी होती. एका बाजूचे केस अगदी तासलेले, बोलणं भराभर, आणि काम चोख. मानपाड्याजवळच्या गावातली, तिथल्याच जुन्या घराण्यातली. आजोबांपर्यंत भातशेती होती, वडिलांच्या काळात त्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. ती मला काकू म्हणायची. मी नोकरी सोडल्याचं कळलं तशी एका दुपारी घरी आली, चप्पल काढता काढताच म्हणाली, "काकू, मी नाटक लिहिलंय, बसवणारही मीच. गाण्यांचं आहे. तुम्ही आईचं काम करा."

"संगीत नाटक?" मी खूश झाले.

"पंक रॉक."

माझा चेहरा बघून तिने समजावलं, "म्हणजे गिटारवर तीनच कॉर्ड, जोरात वाजवायचं आणि मनातलं खरं बोलायचं. सुरेल नसलं तरी चालतं. राग पोचला पाहिजे."

"अगं, मग मला कशाला बोलावतेस? मी तर सुरेल गाते."

"म्हणूनच," ती म्हणाली.

नाटकाचं नाव 'खाली करा'. एक जुनी इमारत धोकादायक ठरते, दारावर नोटीस लागते. त्यात राहणाऱ्या एका घरातली मुलगी तिच्या बँडबरोबर गच्चीवर गाते, ओरडते, बिल्डरला शिव्या घालते. आई मात्र शांत आहे. ती रोजच्यासारखी कुकर लावते, कपडे वाळत घालते, आणि घर सोडायला नाही म्हणते. आईला पहिल्या अंकात गाणंच नाही. दुसऱ्या अंकात एक आहे, चार ओळींचं, ओवीच्या चालीचं:

भिंतीवर रेघा
माझ्या लेकरांच्या उंचीच्या
भिंत पाडताना
जरा हळू पाडा

शेवटच्या ओळीवर ड्रम आणि दोन्ही गिटार एकदम कोसळायचे आणि आईचा आवाज त्याखाली गाडला जायचा. अगदी शेवटी, सामान रस्त्यावर आल्यावर, आई मुलीच्या हातातला माईक घेते आणि तेच चार चरण मुलीसारखे ओरडून म्हणते. मला ओरडायला शिकायला दोन महिने लागले. आयुष्यभर गळा जपला, थंड पाणी प्यायले नाही, आणि आता ही पोरं मला म्हणत होती, "काकू, अजून छान येतंय. छान नको."

तालमी एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या गाळ्यात होत. पूर्वी तिथे पत्र्याच्या कपाटांना रंग लावायचं काम चालायचं, त्याचा वास भिंतीत राहिलेला. ड्रम वाजवणारा मुलगा एका कंपनीत संगणकावर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी तालमीला यायचा. शेजारच्या गाळ्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन दारात येऊन बसायचे. मला ती मंडळी आवडायला लागली. घरी मी भांडी घासताना 'खाली करा, खाली करा' गुणगुणायचे, आणि नवरा म्हणायचा, "अगं, कुणी ऐकलं तर काय वाटेल?"

तर पहिला प्रयोग. पुढच्या रांगांत डोंबिवलीतली नाटक बघणारी मंडळी होती. वर्षानुवर्षं नाटकं बघितलेली, पदं पाठ असलेली, आवडलं तर मनापासून दाद देणारी माणसं. त्यांच्यातच मी वाढले, त्यामुळे त्यांना कुणी नावं ठेवली की मला राग येतो. मागच्या रांगांत दिग्दर्शिकेच्या गावची माणसं आलेली. तिचे वडील, काका, आत्या, त्यांची पोरंबाळं. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा पुढे कानांवर हात गेले आणि मागे शिट्ट्या सुरू झाल्या. हळदीच्या मांडवात याहून मोठा आवाज रोजचा, त्यांना त्याचं काय? बिल्डरच्या गाण्याला तर मागची दोन पोरं उठून नाचली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून बघितलं, आणि मध्यंतरात ते गेले. त्यांच्याबरोबर आणखी बरेच गेले.

दुसऱ्या अंकात माझं गाणं आलं. मी 'भिंतीवर रेघा' म्हणायला तोंड उघडलं आणि नजर त्या कडेच्या खुर्चीवर गेली. स्वर लागला, पण त्यात जीव नव्हता. शेवटी ओरडायच्या वेळी मात्र मी खरंच ओरडले. सगळ्यांना वाटलं, काकूंनी काय काम केलं! मी नुसती दुखावलेली होते.

प्रयोग संपल्यावर नवरा आत आला. कानात कापूस तसाच.

"बाई कुठे गेल्या?" मी विचारलं.

"मीच रिक्षात बसवून दिलं. म्हणाल्या, गुडघा दुखतोय."

"तू थांबलास."

"मी काय, कापूस घालून बसलेलो," तो म्हणाला. "पण थांबलो."

तेवढ्यात दिग्दर्शिकेचे वडील आले. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. येऊन पोरीसमोर उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो, कारण नाटकातला बिल्डर हासुद्धा गावचाच माणूस दाखवलेला होता. ते म्हणाले, "मना आवरला." म्हणजे आवडलं. "पन त्यो बिल्डर मी हाय का?"

ती खोटं बोलत नाही. म्हणाली, "थोडासा, बाबा."

त्यांनी विचार केला. "थोडासाच ना? मंग चालंल." आणि सगळ्यांना बाहेर वडापाव खायला घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं. लिहिणारे जुने, जाणते समीक्षक. त्यांनी लिहिलेलं की तरुणांची तळमळ खरी आहे, पण तळमळ म्हणजे नाटक नव्हे. शब्द ऐकूच येत नाहीत, आणि ज्या एका अभिनेत्रीला गाता येतं तिचं गाणं दिग्दर्शिकेने स्वतःच्या हाताने चिरडलं आहे. वाचताना मला एकीकडे गुदगुल्या झाल्या आणि एकीकडे पोरीसाठी वाईट वाटलं. दोनच दिवसांत एका तरुण मुलाने इंटरनेटवर लांबलचक लेख लिहिला. त्याच्या मते हे नाटक म्हणजे क्रांती होती, आणि उठून गेलेली माणसं म्हणजे संपलेली पिढी.

मला वाटलं, दिग्दर्शिका हा लेख वाचून उड्या मारेल. ती गाळ्यात ड्रमच्या स्टुलावर बसून चिडली होती.

"काकू, याने आईबद्दल एक शब्द लिहिला नाही. एक शब्द! त्या म्हाताऱ्या समीक्षकाने निदान तुमचं गाणं ऐकलं."

आणि तिसराही गट होता. ठाण्यातल्या बँडवाल्या पोरांचा. त्यांचं म्हणणं, हा पंकच नाही. तिकीट काढून, एसीत बसून, मध्यंतरात बटाटेवडा खाऊन कुठे पंक होतो का? एकाने लिहिलं की हा पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालून दिलेला पंक आहे. आमचा गिटारवाला या वाक्याने चांगलाच दुखावला. मला मात्र हसू आलं. त्या दिवशी तालमीला मी खरंच पोहे घेऊन गेलेले, खोबरं-कोथिंबीर घालून.

बाईंना फोन करायचं मी टाळत होते. त्यांचाही फोन आला नाही. रविवार आले आणि गेले.

मग कल्याणचा प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात, माझ्या गाण्याच्या जरा आधी, रंगमंचावरची सगळी वीज गेली. दिवे परत आले, पण ध्वनियंत्रणा आली नाही. गिटार मुकी झाली, माईक बंद. ड्रमवाला माझ्याकडे बघायला लागला. मी माईकशिवाय गायले. त्याने ड्रमवर नुसती बोटं फिरवली. बाकीची मुलं गच्चीच्या सेटवर बसून टाळ्यांनी ताल धरत होती. सभागृहात इतकी शांतता की कुणीतरी पर्सची चेन लावली तीसुद्धा ऐकू आली. शेवटपर्यंत यंत्रणा आली नाही. शेवटचं ओरडणंही मी नुसत्या गळ्याने केलं, आणि ते ओरडणं राहिलं नाही, आपोआप गाणंच झालं.

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगांत बायका डोळे पुसत होत्या. एक बाई आत आल्या, मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "असंच करा ना हो नेहमी! किती गोड वाटलं." त्यांच्यामागे एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष होते. सभ्य माणूस. म्हणाले, हे असं वीज न वापरता कराल तर आमच्या ओळखीच्या सगळ्या मंडळांत प्रयोग लावून देतो. नाशिक, पुणे, सांगली, कुठेही.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात भांडण झालं. गिटारवाला म्हणाला, "लोक ऐकतायत यार! पहिल्यांदा शब्द ऐकले त्यांनी. आपण कुणासाठी करतोय, आपल्यासाठी का?" त्याचं खोटं नव्हतं. दिग्दर्शिका म्हणाली, "घर पाडताना आवाज होतो. तो आवाज काढला तर नाटक कशाबद्दल आहे?" ड्रमवाला दोघांच्या मधे बसून काठ्यांशी चाळा करत होता. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. मी मोठी, आणि गाणं माझं. माझ्या गाण्यासाठीच लोक थांबले होते. मी काय म्हणणार ते गिटारवाल्याला पक्कं माहीत होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मलाही ते माहीत होतं, असं मला वाटत होतं. पण बोलायला लागले तर वेगळंच निघालं.

"त्या बाई गोड म्हणाल्या," मी म्हटलं. "काल रात्रभर मला तो शब्द टोचतोय. अरे, या आईचं घर पाडतायत. त्यात गोड काय आहे? लोक रडले, डोळे पुसले, आणि हलके होऊन घरी गेले. डोंबिवलीत जे उठून गेले ते निदान काहीतरी त्रास घेऊन गेले."

"म्हणजे?" गिटारवाला म्हणाला.

"म्हणजे मला गाडा. पहिल्यासारखं."

तो चिडून बाहेर गेला आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसला. अर्ध्या तासाने सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. मंडळाच्या अध्यक्षांना दिग्दर्शिकेने फोन करून नाही सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, शुभेच्छा." नाशिक, पुणे, सांगली राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर मला बाईंकडे जायचं बळ आलं. त्या आता मुलाकडे शहाडला राहतात, तिसऱ्या मजल्यावर. मी गेले तेव्हा खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ये. मी उठून गेले म्हणून रागावली आहेस ना?"

"तुमचा गुडघा दुखत होता."

"गुडघा रोजच दुखतो. तुझ्या यजमानांना काहीतरी सांगायला हवं होतं." मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मला राग आला ग. एवढी वर्षं तो आवाज मी घडवला, आणि तू तो आवाज त्या धडधडाटात नेऊन उभा केलास. पहिल्या अंकात तर तू गायलीसच नाहीस. नुसती कपडे वाळत घालत होतीस."

मी त्यांना सगळं सांगितलं. नाटकातली आई का गप्प आहे, दुसऱ्या अंकात काय होतं, वीज गेल्यावर काय झालं, आणि मी आवाज ठेवा असं का म्हटलं. बराच वेळ बोलले. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "तू मला समजवायला आलीस की माझी परवानगी घ्यायला?"

मी त्यांच्यापुढची मेथी निवडायला घेतली.

"दोन्हीची गरज नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही आवडलं. ते तसंच राहू दे. मी परत काही यायची नाही. आता ते चार ओळींचं गाणं म्हणून दाखव, मी ऐकलंच नाही ते."

मी म्हटलं. समोर मेथी, स्वयंपाकघरात सूनबाईंचा मिक्सर. बाईंनी सवयीने मांडीवर ताल धरला.

"शेवटची ओळ घाईत घेतेस."

"तिथे ड्रम येतो ना."

"मग त्याला सांग, दोन मात्रा थांब म्हणावं. 'हळू पाडा' म्हणतेस आणि तेच घाईत? तुझं 'पाडा' पूर्ण होऊ दे. मग काय कोसळायचं ते कोसळू दे."

ड्रमवाल्याला मी ते सांगितलं. त्याने मान डोलावली, मोबाइलमध्ये काहीतरी टिपून ठेवलं. पुढच्या प्रयोगात विसरला. त्याच्या पुढच्यात लक्षात ठेवलं. तो ठाण्याचा प्रयोग. ड्रमवाला थांबला. मी 'पाडा' म्हटलं आणि दोन मात्रा काहीच नव्हतं. सभागृहाने श्वास रोखलेला मला कळला. मग ते सगळं अंगावर आलं, आणि मागून कुणीतरी पोरगं जोरात "अरे!" म्हणून ओरडलं. मध्यंतरात तिथेही माणसं गेली होती. डोंबिवलीपेक्षा कमी, की मीच मोजायचं सोडलं होतं, सांगता येत नाही. मी बाईंना फोन करून दोन मात्रांचं सांगितलं. "बरं," म्हणाल्या, आणि मग विचारलं, "पुढचा कधी आहे? माझ्या जुन्या शिष्यांना कळवते. ज्यांचे कान धड आहेत त्यांनी जावं."

नाटक फार चाललं नाही. ड्रमवाल्याला बंगळुरूला नोकरी लागली, दुसरा मिळेपर्यंत तारखा गेल्या. दिग्दर्शिका आता नवीन काहीतरी लिहिते आहे. त्यात मला काम आहे की नाही ते अजून सांगत नाही. वडिलांनी तिला गावातल्या एका इमारतीत तळमजल्यावर तालमीला जागा दिली आहे. फक्त एक अट घातली, पुढच्या नाटकात बिल्डर नको.

परवा मी ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत बसले होते. चुलत बहिणीकडे महाडला निघालेले, गाडी उशिरा होती. बाकावर शेजारी एक जोडपं बसलेलं, माझ्याच वयाचं. गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे चोरून बघत होते. शेवटी बायकोने कोपर मारल्यावर बोलले.

"तुम्ही त्या नाटकात होता ना? खाली करा?"

"हो."

"आम्ही ठाण्याला बघितलेलं." ते अवघडले. "म्हणजे अर्धंच बघितलं. राग मानू नका हं, मध्यंतरात उठून गेलेलो. माझं डोकं फार दुखायला लागलं."

"राग कसला? बऱ्याच जणांचं दुखलं."

"पण एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "घरी गेल्यावर आमचं यावरून बोलणं झालं, नंतरही दोन-तीनदा झालं. त्या बाई शेवटी घर सोडतात का?"

इतक्या दिवसांत मी उठून गेलेल्यांबद्दल किती विचार केलेला! त्यांना काय वाटलं असेल, कशाचा त्रास झाला असेल. पण ते घरी जाऊन त्या आईचं काय झालं म्हणून बोलत बसतील, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"सोडतात," मी म्हटलं, आणि दुसरा अंक सांगायला लागले. भिंतीवरच्या रेघा, सामान खाली येतं ते, मुलगी गप्प होते ते. माईक घेऊन ओरडते इथपर्यंत आल्यावर त्यांच्या बायकोने विचारलं, "कोण ओरडतं? तुम्ही?"

"हो, मीच."

"अगं बाई!" त्या नवऱ्याकडे वळल्या. "मी तुम्हाला म्हणत होते, थांबूया."

"थांबून माझं डोकं फुटलं असतं," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "आता जरा म्हणून दाखवता का? म्हणजे ओरडून नको. इथे लोक आहेत."

मी हळू आवाजात चार ओळी म्हटल्या. डेपोत गाड्यांची घरघर चालू होती, कर्ण्यावरून कुठल्या तरी गाडीचा फलाट सांगत होते, त्यामुळे निम्मं त्यांना ऐकूच गेलं नसेल. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. गृहस्थांनी डोळे मिटलेले.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. "हे असतं तर थांबलो असतो."

"हे होतंच," मी म्हटलं. "मध्यंतरानंतर."

ते हसले, जरा ओशाळून. त्यांची अलिबागची गाडी आधी लागली. बायको बॅग उचलता उचलता म्हणाली, परत प्रयोग लागला तर मी माझ्या बहिणीला घेऊन येईन, यांना घरी ठेवून. गृहस्थ म्हणाले, "अरे वा, मीसुद्धा येईन की. दुसऱ्या अंकाला."